डबी सापडते, पण कुणाला आवडत नाही. काय चुकतंय?

पाऊलखूण

नमस्कार मंडळी. प्रश्न जिओकॅशिंग (कुणीतरी लपवलेली डबी जीपीएसने शोधायचा खेळ) खेळणाऱ्यांना आहे, बाकीच्यांनी हसू नये. (घरात पहिल्यांदा "मी कॅश लपवायला चाललेय" म्हटलं तेव्हा आईने कपाट उघडून रोकड मोजली होती. तेव्हापासून मी 'डबी' म्हणते. इथेही तेच म्हणणार.)

दीड वर्षात १४३ डब्या शोधल्या. मग वाटलं, नुसतं दुसऱ्यांचं शोधत राहायचं आणि आपण काहीच ठेवायचं नाही, हे बरं नव्हे. चार महिन्यांपूर्वी पहिली डबी लपवली. तळ्याकाठच्या वाटेवर लोखंडी बाक आहे, त्याच्या खालच्या पट्टीला करंगळीच्या पेराएवढी चुंबकवाली नॅनो चिकटवली. रंग बाकाचाच, काळा. लावून मागे सरकले तर मलाच दिसेना. खरं सांगते, त्या दिवशी स्वतःचं फार कौतुक वाटलं.

आजवरचा हिशेब: २१ जणांना सापडली, ९ डीएनएफ (शोधूनही सापडली नाही अशी नोंद). २१ पैकी १६ लॉग (शोधणाऱ्यांच्या नोंदी) नुसते 'टीएफटीसी', म्हणजे 'थँक्स फॉर द कॅश'. एकाने लिहिलंय, "बाकावर एक आजोबा बसले होते, पाऊण तास थांबलो." आणखी एकाने लिहिलंय, "अजून एक." एवढंच. हे दोन शब्द मला रात्री आठवतात. फेवरिट पॉइंट, म्हणजे आवडल्याची पावती, शून्य.

आता दुसरी डबी. तळ्यापलीकडे टेकडीच्या उतारावर जुना रचलेला बांध आहे. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड, साठेक पावलं लांब. त्यातल्या एखाद्या फटीत नळी सरकवायची, इशारा (हिंट) द्यायचा नाही, डिफिकल्टी पाचपैकी ४ लावायची. शोधायला मजा येईल असं वाटतं. नाहीतर मल्टी करीन: टेकडीच्या पायऱ्या मोजा, कठड्याचे खांब मोजा, त्यावरून शेवटची जागा काढा.

यातलं काय चांगलं? आणि लोकांनी चार अक्षरांपेक्षा जास्त लिहावं असं वाटत असेल तर नेमकं काय करायचं?

कंटाळा

टीएफटीसी मनाला लावून घेऊ नका हो. मी एका सुट्टीच्या दिवशी एकाच वाटेवरच्या ८० डब्या केल्या. ८० वेळा काय निबंध लिहायचा? एकदा लिहिलं, ७९ वेळा चिकटवलं. डबी सापडली, सही केली, पुढे. तुमची नॅनो ठीक आहे, राहू द्या. बांधाची कल्पना मला आवडली.

जुना फिटर

पाऊलखूण, बांध सोडा. आधी तेवढं कबूल करा, मग पुढचं सांगतो.

मी हे केलंय. सहा वर्षांपूर्वी, अशाच रचलेल्या बांधात. मी तर नळीच्या तोंडाला त्याच बांधाखाली पडलेल्या दगडाची कपची चिकटवली होती, म्हणजे फटीत सरकवली की पुढून दगडच. डिफिकल्टी ४.५, इशारा नाही. पहिल्या तीन महिन्यांत अकरा डीएनएफ आले आणि प्रत्येक डीएनएफ मी घरात मोठ्याने वाचून दाखवायचो. बायको म्हणाली, "लोकांना सापडत नाही याचा एवढा आनंद? मग लपवलीत कशाला, घरातच ठेवायची होतीत." तेव्हा मला तो टोमणा वाटला.

चौथ्या महिन्यात नळी तपासायला गेलो तर आठ-नऊ फूट बांध खाली आलेला. कुणा एकाचा दोष नव्हता. प्रत्येकाने दोन-चार दगड काढले, मागे बघितलं, परत ठेवले. पण रचलेल्या बांधात दगड नुसता ठेवून भागत नाही, तो बसवावा लागतो. एक सैल झाला की त्याच्या डोक्यावरचे सगळे हलतात. माझी नळी मात्र होती तिथेच, सुखरूप. दोन दिवस खपून बांध रचला, पहिल्यासारखा झाला नाही तो नाहीच. डबी त्याच आठवड्यात आर्काइव्ह केली, म्हणजे कायमची बंद.

न सापडणारी डबी लपवायला अक्कल लागत नाही. हजार फटी आणि एक नळी, यात माझं कसब ते काय होतं? कष्ट शोधणाऱ्याचे आणि नुकसान बांधाचं. अवघड करायचीच असेल तर अशी करा की डबी समोर आहे, हाताला लागतेय, आणि तरी ती डबी आहे हे कळत नाही, किंवा कळलं तरी उघडत नाही. मग माणूस डोकं खाजवत उभा राहतो. दगड उपटत नाही.

आता तुमचा बाक. जीपीएस माणसाला चार-पाच मीटरपर्यंत आणून सोडतं. तिथून पुढची दहा मिनिटं तो तुमच्या ताब्यात असतो. त्या दहा मिनिटांत तो कसा उभा असेल, कुणाच्या नजरेसमोर असेल, गुडघे चिखलात जातील का, हे तुम्ही बघितलं नाहीत. वाटेवरच्या बाकाखाली हात घालून चाचपणारा माणूस खेळ माहीत नसलेल्याला कसा दिसतो, विचार करा. मी आता जागा मनात भरली की सुट्टीच्या दिवशी तिथे तासभर नुसता बसतो. लोक कुठे टेकतात, मुलं कुठे चढतात, कुत्री कुठे हुंगतात. तासाभरात निम्म्या जागा आपोआप रद्द होतात.

आणि कंटाळासाहेब, ८० डब्यांच्या वाटेला ८० टीएफटीसी शोभतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण या बाईंनी एकच डबी लावलीय.

पाऊलखूण, तळ्याकाठी तुम्ही स्वतः कुठे बसता? बाकावर बसत नसाल असा माझा अंदाज आहे.

वाटसरू

फिटरशी सहमत, बांध नकोच. मी फक्त मल्टीबद्दल बोलतो, कारण त्यात माझी फजिती झालेली आहे.

पायऱ्या मोजायला लावू नका. मी लावल्या होत्या. लोकांची उत्तरं आली २२, २३ आणि २४. सगळ्यात खालची पायरी अर्धी मातीत गेलेली, वरचा कट्टा पायरी धरायचा की नाही यावर दुमत. त्या आकड्यातला शेवटचा अंक मी मिनिटांच्या दुसऱ्या दशांश स्थानी वापरला होता. आता हिशेब करा: अक्षांशाच्या एका मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ मीटर, शंभरावा भाग म्हणजे साडेअठरा. एका पायरीच्या वादापायी माणसं साडेअठरा मीटर लांब काटेरी झुडपात शिरली. (रेखांशाचं अंतर विषुववृत्तापासून दूर जावं तसं कमी होत जातं, पण काटे तेच.)

कठड्याचे खांबही नकोत, डागडुजीत एखादा कमी-जास्त होतो. जे कोरलेलं किंवा ओतलेलं आहे ते घ्या: दगडातलं साल, ओतीव झाकणावरचा क्रमांक. आणि वर्णनात पडताळा द्या, "शेवटच्या सहा अंकांची बेरीज अमुक." चूक जागेवरच कळते, घरी जाऊन चिडून लॉग लिहिण्याची वेळ येत नाही.

अक्षांश-रेखांश घेताना घाई करू नका. झाडाखाली, कड्याला लागून सिग्नल दगडावर आपटून येतो, फोनला अंतर जास्त वाटतं आणि बिंदू सरकतो. मी तीन वेगवेगळ्या दिवशी जातो, दर वेळी दहा-पंधरा मिनिटं थांबून आकडा घेतो, सरासरी काढतो. मग पन्नास पावलं लांब जाऊन आपल्याच आकड्यावरून परत येतो, दर खेपेला वेगळ्या दिशेने. बाण डबीपाशी नेतोय का ते तेव्हाच कळतं.

आणखी एक मूर्खपणा, माझाच. डबीची नोंद करताना अंश आणि दशांश मिनिटं भरायची असतात, मी नकाशातले दशांश अंश बघून टाकले. १०.५ अंश म्हणजे १० अंश ३० मिनिटं. मी भरलं त्या चालीने ते होतं १० अंश ५ मिनिटं. पंचवीस मिनिटांचा फरक, म्हणजे ४६ किलोमीटर. रिव्ह्यूअरने (नवी डबी तपासून मंजूर करणाऱ्याने) विनम्रपणे विचारलं होतं की डबीपर्यंत जायला होडी लागेल का.

शेवटचं: नवी डबी आधीच्या कुठल्याही डबीपासून सरळ रेषेत १६१ मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग, लांब हवी. त्यात दुसऱ्यांच्या मल्टीचे प्रत्यक्ष डबी असलेले टप्पे आणि मिस्ट्रीच्या (कोडं सोडवून गाठायच्या डब्यांच्या) शेवटच्या जागाही धरतात, ज्या तुम्हाला नकाशावर दिसत नाहीत. म्हणून जागेचा आकडा आधी रिव्ह्यूअरला विचारा आणि मगच डबीवर मेहनत घ्या. मी उलट केलं होतं. ती सुंदर रंगवलेली डबी आता टेबलावर पेन्सिली ठेवायला आहे.

दुर्बीण

मी शोधणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. आम्ही दोघं जातो, मी आणि माझा सात वर्षांचा मुलगा. त्याला नॅनोचा मनस्वी राग आहे. सापडली की म्हणतो, "हे तर बटण आहे." आत कागदाची गुंडाळी, ती बाहेर काढायला माझी नखं, परत घालायला अर्धा तास. त्याला हवा असतो झाकण उघडणारा डबा, आत काहीतरी, एक घ्यायचं, आपल्याकडचं एक ठेवायचं.

१०० मिलिलिटरच्या खाली सगळं मायक्रो, त्याच्या वर एक लिटरपर्यंत स्मॉल, मग वीस लिटरपर्यंत रेग्युलर. जागा रेग्युलर लपेल अशी असताना लोक तिथे मायक्रो का लावतात, हे मला अजून कळलेलं नाही. डबा लपत असेल तेवढा मोठा लावा. आणि वर्णनात आकार खरा लिहा. 'स्मॉल' वाचून झाडाच्या ढोल्या बघत फिरायचं आणि शेवटी खिळ्याच्या डोक्याएवढं काहीतरी निघायचं, असा दिवस मी विसरत नाही.

टेरेनचंही (तिथे पोचणं किती अवघड याचा आकडा) तसंच. १ लिहिलं म्हणजे चाकाच्या खुर्चीवरून तिथे पोचता यायला हवं. सपाट आहे म्हणून १ लिहू नका. खुर्चीतून हात पोचतो का तेही बघा. बाकाखाली नाही पोचत.

इशाऱ्याबद्दल एक गंमत. मराठीतून इशारा लिहिणार असाल तर लक्षात ठेवा, तो रॉट-१३ पद्धतीने झाकतात, म्हणजे रोमन लिपीतलं प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवतात. देवनागरीला ती पद्धत हातच लावत नाही. माझ्या एका डबीचा अख्खा इशारा महिनाभर उघडा पडला होता आणि मला वाटत होतं, काय हुशार लोक आहेत, सगळ्यांना पटापट सापडतेय.

कंटाळा

नियम, इशारा, खुर्ची, तास-तासभर बसणं… खेळ आहे की परीक्षा? जगातली पहिली डबी आठवा. ३ मे २०००, ओरेगनमधलं बीव्हरक्रीक, डेव्ह उल्मरने जंगलात काळी बादली ठेवली, तीसुद्धा अर्धी जमिनीत पुरून. आत सीडी, पुस्तकं, गलोल आणि चक्क बीन्सचा डबा. कोऑर्डिनेट्स टाकले, म्हणाला, काही घ्या, काही ठेवा. झालं. कुणी त्याला शेवटच्या दहा मिनिटांबद्दल विचारलं नाही.

जुना फिटर

बरोबर, कंटाळासाहेब. आणि त्या पहिल्या बादलीने आजचे दोन नियम मोडलेले आहेत, परवानगीशिवाय खणून पुरायचं नाही आणि खाण्याचं काही ठेवायचं नाही. ते नियम आकाशातून पडले नाहीत. बादली ठेवली त्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकी सरकारने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली होती, तोवर सामान्य माणसाच्या यंत्रात शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा. तेव्हा जगात बादली एक होती आणि शोधणारे हाताच्या बोटांवर. आज एकाने डबी पुरली की पुढचे पन्नास जण कुदळ घेऊन येतील, आणि जिथे पुरलेली नाही तिथेही खणतील. खाऊ ठेवला की जनावर डबा फोडणार. बांधाचं गणित तेच आहे.

पाऊलखूण

बांध सोडला. वाचून पोटात गोळा आला, कारण मी 'साठ पावलं लांब' हे कौतुकाने लिहिलं होतं.

फिटरकाका (काका म्हटलेलं चालेल ना?), तुमचा अंदाज खरा आहे. मी बाकावर कधीच बसत नाही. तळ्यात एक ओढा येऊन मिळतो, त्याच्या तोंडाशी एक झाड पाण्याकडे झुकलंय, इतकं की बुंध्यावर पाय सोडून बसता येतं. तिथून तळ्याचं दुसरं टोक दिसतं आणि संध्याकाळी बगळे परत येताना डोक्यावरून जातात, पंखांचा आवाज ऐकू येतो. मुख्य वाटेपासून दीडशे पावलं आत, तिथे सहसा कुणी येत नाही. हे लिहिताना माझं मलाच हसू आलं: लोकांना मी बाकापाशी का नेलं?

पण तिथे ढोली नाही, दगड नाहीत. लपवायला काहीच नाही.

जुना फिटर

काका चालेल.

लपवायला काही नाही हे उत्तमच. मग लपवूच नका. ओढा आहे म्हणालात ना, मग तहानलेल्या कावळ्याची गोष्ट करा. ही कल्पना माझी नाही, जगभर लोक करतात, पण मी तीनदा केली आणि दोनदा बिघडवली, तेव्हा त्या दोन वेळांचं सांगतो.

आतून ४० मिलिमीटरचा पाइप, साठ सेंटिमीटर लांब, खाली झाकण पक्कं चिकटवलेलं, वर तोंड उघडं. आत तळाशी प्रीफॉर्म, म्हणजे बाटली फुगवण्याआधीची ती जाड प्लास्टिकची नळी, आटे असलेल्या झाकणाची. तिच्यात लॉगची गुंडाळी. हात आत पोचत नाही. पाइप उलटा करता येत नाही, कारण तो झाडाला बांधलेला. वरून पाणी ओतलं की नळी तरंगत वर येते. पाइप भरायला पाऊण लिटर पाणी लागतं. तळाजवळ भोकं पाडायची, म्हणजे काम झाल्यावर पाणी निघून जातं, साचून डास होत नाहीत. शोधणाऱ्याने ओतताना ती बोटांनी दाबून धरायची.

पहिल्या वेळची चूक: मी हौसेने गोल फिरवून सहा भोकं पाडली. एकटा माणूस आला की सहा भोकं दाबायला दोन्ही हात, मग ओतणार कोण? चार जण एकटे येऊन परत गेले. एकाने वैतागून आत काठी घातली आणि नळी कायमची अडकवली. भोकं दोनच पाडा, एकाच हाताचा अंगठा आणि मधलं बोट पोचेल एवढ्या अंतरावर. तुमच्या स्वतःच्या हाताने मोजू नका, दुर्बीणबाईंच्या मुलाच्या हाताने मोजा.

दुसऱ्या वेळची चूक मी केली नाही, पण मी आधी ओळखायला हवी होती. कुणीतरी प्रेमाने नळीत आठवण म्हणून चार नाणी ठेवली. नळी जड झाली, बुडली. पुढच्या माणसाने दोन लिटर ओतलं, तीन ओतलं, मला फोटो पाठवला, "काका, कावळा हरला." तेव्हापासून नळीवरच लिहितो: आत फक्त कागद.

झाडाला खिळा मारायचा नाही, स्क्रू नाही, तार आवळायची नाही. रुंद पट्टा, आणि वर्षातून एकदा सैल करायचा, झाड जाड होत असतं. जमीन ज्यांची आहे त्यांना विचारल्याशिवाय पट्टासुद्धा बांधायचा नाही. पाइपवर मोठ्या अक्षरांत लिहा 'जिओकॅश, खेळासाठी ठेवलेली आहे'. झाडाला बांधलेला बंद तोंडाचा पाइप बघून लोक घाबरतात आणि त्यांचं चुकत नाही. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात एक डबी संशयास्पद वाटून बॉम्बपथकाने उडवली होती. तुमचा पाइप उघड्या तोंडाचा आहे, तरी लिहाच.

पाण्याचं भांडं ठेवा. वर्णनात 'पाणी आणा' लिहिलं तरी निम्मे लोक वर्णन वाचत नाहीत. एक पत्र्याचा मग दोरीने बांधून ठेवा, ओढ्यापर्यंत पोचेल एवढी दोरी. आणि हे महत्त्वाचं: डबी परत ठेवण्याची एकच पद्धत शिल्लक राहील असं बघा. बाकीच्या डब्या जागेवरून सरकत जातात. प्रत्येक जण वीतभर इकडे ठेवतो, सहा महिन्यांत डबी तीन मीटर पुढे गेलेली असते आणि तुमचे अक्षांश खोटे ठरतात. इथे नळी पाइपात टाकायची, एवढंच. चुकायला वाव नाही.

झाकणात रबरी वायसर हवाच. नवीन लावा, बोटाला व्हॅसलिन घेऊन पुसटसं फिरवा. लॉग गुंडाळीचा, पेन्सिलने लिहायचा. शाईचं पेन एकदा ओलं झालं की पानभर पसरतं. प्लास्टिकची पिशवी घालू नका. तिचा कोपरा आट्यात अडकतो आणि त्याच कोपऱ्यातून पाणी आत झिरपतं. माझ्या जितक्या डब्या भिजल्या त्यातल्या बहुतेक अशाच भिजल्या.

दर महिन्याला एक चक्कर. भोकांत कुंभारीण माशी माती भरून घर करते. केलं की पाणी निघत नाही. काडीने काढायचं, आत पिल्लू नाही ना ते बघून.

डिफिकल्टी २.५ लिहा. ४ लिहिण्याचा मोह होईल.

दुर्बीण

मुलाच्या अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत ताणून साडेबारा सेंटिमीटर. त्याने स्वतः पट्टी लावून मोजलं आणि डबी कुठे आहे ते आत्ताच सांगा म्हणतोय.

वाटसरू

भोकांमध्ये पाच-सहा सेंटिमीटर ठेवा, जोर लावायला बोटं थोडी वाकलेली असावी लागतात. आणि बाकापासून अंतर मोजा.

पाऊलखूण

पाच आठवड्यांनी परत आले, धागा वर काढते.

नॅनो आर्काइव्ह केली. काढायला गेले तेव्हा बाकावर आजोबाच बसले होते. शेवटी त्यांनाच सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे ती सगळी माणसं यासाठी वाकत होती? मला वाटलं बाकाला ढेकूण झालेत." ते दोन महिने रुमाल अंथरून बसत होते.

नवी डबी लागून सव्वीस दिवस झाले. रिव्ह्यूअरला जागा आधीच विचारली. जवळपास कुणाच्या तरी मिस्ट्रीची शेवटची जागा होती, पण १९० मीटरवर, म्हणून वाचले. जमिनीची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्यांनी दोन अटी घातल्या: पट्टा हिरवा नको, दिसला पाहिजे, आणि पाखरांच्या विणीच्या दिवसांत डबी बंद ठेवायची. दोन्ही मान्य केल्या.

आजपर्यंत नऊ सापडल्या, डीएनएफ नाही. पहिला लॉग चौदा ओळींचा होता. मी मोजल्या. पाण्याबद्दल त्यात दोनच ओळी आहेत, बाकी सगळं बुंध्यावर बसून काय दिसलं याबद्दल. एका बाईंनी लिहिलंय की नळी वर आली तेव्हा त्यांचे यजमान टाळ्या वाजवत होते आणि त्या नादात त्यांनी भोकावरचं बोट काढलं. एकाने परत 'टीएफटीसी' लिहिलं, पण खाली फेवरिट पॉइंट दिलाय, त्यामुळे त्याला माफ.

कंटाळा, आठवा लॉग तुमचाच आहे हे मी ओळखलंय. तीन ओळी आहेत.

फिटरकाका, एक बिघाड झालाय. ओढ्याचं पाणी उतरलं आणि मगाची दोरी चार बोटं कमी पडायला लागली. काल आलेल्याने बुटात पाणी आणून ओतलं, तसं लॉगमध्ये लिहिलंय. रविवारी जाऊन दोरी बदलते. नायलॉनची घेऊ की सुती? सुती कुजेल असं वाटतंय.

जुना फिटर

नायलॉन. टोकं काडेपेटीने जाळून घ्या, नाहीतर उसवतात. आणि हातभर जास्त ठेवा, पाणी अजून उतरेल.